न लावलेल्या झाडाचे ऋण

नाताळ जवळ आला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या ख्रिस्ती घरांतून एक झाड उभे राहते. कोणाकडे वाळूने भरलेल्या बादलीत सुरूची फांदी रोवलेली असते, तर कोणाकडे घडी घालून माळ्यावर ठेवता येणारे प्लास्टिकचे पाइन असते. त्यावर कापसाचा बर्फ पसरतो, चांदणी लटकते आणि शेजारी गव्हाणी सजते. हा रिवाज आता आपलाच झाला आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. ज्या देशांत डिसेंबरात सारी सृष्टी पांढरी पडते, तेथे हिरव्या राहिलेल्या सूचिपर्णी वृक्षाकडे पाहून माणसाला आशा वाटली असेल, तर ती आशा परकी मानण्याचे प्रयोजन नाही.

तथापि या रिवाजाचा एक परिणाम विचार करण्याजोगा आहे. आपल्या मुलांना हिवाळ्यातील रानाचे चित्र काढावयास सांगा. ती त्रिकोणी पाइन आणि बर्फ काढतील. वास्तविक आपली सुरू ही पाइनची नातेवाईकही नव्हे. ती ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियाकडून आलेली पाहुणी आहे. आणि ठाण्याच्या कितीतरी इमारतींच्या गच्चीवरून जो येऊरचा डोंगर दिसतो, कल्याण-डोंबिवलीहून जो मलंगगडाचा सुळका दिसतो, तेथेही हिवाळा येतो. त्या हिवाळ्याची आणि आपली ओळख मात्र राहून गेली आहे.

ती ओळख व्हावी या हेतूने २०२४ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही तीन-चार कुटुंबे मिळून येऊरच्या रानात गेलो. आजी-आजोबांपासून शाळकरी नातवंडांपर्यंत सगळे होते. चौकीवर नोंद करून आत शिरलो तेव्हा सकाळची थंडी ओसरली नव्हती. सागाची मोठी पाने पिवळी पडू लागली होती आणि पायांखाली त्यांचा चुराडा वाजत होता. ऐनाच्या खोडावर सुसरीच्या पाठीसारखे चौकोन पडलेले दिसत होते. कांडोळ निष्पर्ण होऊन आपल्या पांढुरक्या खोडानिशी असा उभा होता की लोक त्याला भुताचे झाड का म्हणतात हे मुलांना सांगावे लागले नाही. उतारावर कारवी वाळून तपकिरी झाली होती. राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांवर ही कारवी २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली आणि २०२४ च्या पावसाळ्याअखेर पुन्हा फुलली. आठ वर्षांतून एकदा एकत्र फुलायचे, बी धरायचे आणि मरून जायचे, असा तिचा क्रम आहे. तिच्या वाळलेल्या बोंडांतील बी पुढच्या पावसाची वाट पाहत होते. आमच्यातील आठ वर्षांच्या मुलीने हिशेब केला की पुढच्या फुलोऱ्याला ती सोळा वर्षांची असेल. आजोबांनी आपला हिशेब मोठ्याने केला नाही.

त्याच मुलीने एका जुन्या झाडाच्या बुंध्याला हात लावून विचारले, "हे कोणी लावलं?" आजी म्हणाली, "कोणी लावलं नाही गं, देवानं वाढवलं." मुलीने पुढचा प्रश्न टाकला, "मग आता ते कोणाचं आहे?" एकाने सांगितले, सरकारचे. दुसऱ्याने सांगितले, इथल्या पाड्यांवरच्या आदिवासींचे. तिसऱ्याने सांगितले, सगळ्यांचे. तीन उत्तरे मिळाली. तिन्हींत तथ्य होते, आणि म्हणूनच प्रश्न सुटला नाही. तो आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. जे झाड कोणी लावले नाही, ज्याचे फळ आपल्या पानात पडत नाही आणि जे आपल्यामागे कितीतरी काळ उभे राहू शकते, त्याचे आपण काही देणे लागतो काय? लागत असल्यास कोणाला?

लावलेल्या झाडाबद्दल माणसाने फार पूर्वीच विचार केलेला आहे. बायबलमधील अनुवाद ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात युद्धाचे नियम आले आहेत. नगराला दीर्घकाळ वेढा घालावा लागला तरी तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, असा त्यांत दंडक आहे. झाड हे काही शत्रू नव्हे की ज्याला वेढा घालावा, असा त्याचा आशय. आता आपल्या मुलखाकडे येऊ. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि कल्याणच्या खाडीकाठी शिवाजी महाराजांच्या आरमाराला प्रारंभ झाला. आरमार म्हटले की लाकूड आले. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या प्रकरणी या लाकडाचा विचार आहे. सागवान वगैरे लाकूड राज्यातील अरण्यातून परवानगीने तोडावे. परंतु आंबा, फणस ही झाडे उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच न्यावे.

दोन हजारांहून अधिक वर्षांच्या अंतराने, दोन निराळ्या समाजांत, युद्धाच्या ऐन गरजेपुढे झाडाची बाजू घेतली गेली ही गोष्ट मनाला उभारी देणारी आहे. मात्र दोन्ही वचने नीट वाचली तर त्यांची सीमाही दिसते. अनुवादातील नियम फळझाडापुरता आहे. जे फळझाड नव्हे ते तोडून वेढ्याची साधने करण्यास लगेच पुढच्या वचनात मुभा आहे. आज्ञापत्रातील जिव्हाळा रयतेने लावलेल्या झाडापुरता आहे. अरण्यातील सागाला तेथे परवानगीखेरीज दुसरे संरक्षण नाही. फळ देते म्हणून किंवा कोणीतरी लावले म्हणून झाड वाचते. न लावलेले, फळ न देणारे झाड दोन्ही ठिकाणी कुऱ्हाडीच्या वाटेवर उभे आहे.

पुढील इतिहास या मुभेचाच आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरविलेले 'ट्रिंकोमाली' आज दोनशेहून अधिक वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. लाकूड किती उत्तम होते याचा तो दाखला आहे आणि ते कुठेतरी उभे होते याचाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि देशभर रूळ पसरू लागले. रुळांखाली लाकडाचे स्लीपर लागत, आणि त्या मागणीने देशातील कितीतरी डोंगर उघडे पडले. याच लोहमार्गाने आपली शहरे घडविली. आपले आजोबा-पणजोबा नोकरीसाठी याच गाडीने गेले. तेव्हा या इतिहासाकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय आपणांस नाही. ज्या रुळांवरून आपण रोज जातो, ती आपल्या संसाराची वाट आहे.

झाडे राखावीत याचे सर्वांना समजणारे कारण म्हणजे उपयोग. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट हे आल्प्सच्या कुशीतील गाव. गावाच्या डोक्यावर सूचिपर्णी वृक्षांचे एक रान आहे. १३९७ साली तेथील लोकांनी लेखी ठराव करून त्या रानातील झाड तोडण्यास, एवढेच नव्हे तर फांदी वा शंकू उचलून नेण्यासही बंदी केली. कारण हिवाळ्यात डोंगरावरून कोसळणारा बर्फ ते रान अडवीत होते. रान गेले तर गाव जाणार होते. आपल्याकडेही विहार तलाव १८६० च्या सुमारास आणि तुळशी तलाव १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. मुंबईचे पिण्याचे पाणी शुद्ध राहावे म्हणून त्यांच्या पाणलोटातील झाडी राखली गेली. आज अफाट वस्तीच्या मधोमध सुमारे १०० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान शिल्लक आहे, त्याचे मोठे श्रेय या पाण्याला आहे.

उपयोगाचे हे कारण खरे आहे, पण ते पुरेसे आहे काय? उपयोगावर उभे असलेले संरक्षण उपयोग संपला की संपते. बर्फ अडविण्यासाठी पोलादी कुंपणे बांधता येतात. पाणी दूर शहापूरच्या भातसा धरणातून नळाने आणता येते. मग ते रान कशासाठी राखावयाचे? उपयोगाचा हिशेब मांडणाऱ्याला अधिक मोठ्या उपयोगाने नेहमीच उत्तर देता येते.

या संदर्भात अमेरिकेतील एक घटना आठवते. नेवाडा राज्यातील व्हीलर शिखराच्या उंच, बर्फाळ उतारावर ब्रिसलकोन जातीचे पुराणे पाइन आहेत. पीळ पडलेले, वाऱ्याने सोललेले, अर्धे वाळलेले असे ते वृक्ष जेथे दुसरे काही तगत नाही तेथे तगतात. १९६४ साली एका संशोधकाने जुन्या हिमयुगीन काळाच्या अभ्यासासाठी, वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, त्यांतील एक झाड तोडविले. नंतर खोडावरील वर्तुळे मोजली गेली. ती ४,८०० हून अधिक भरली. ज्ञात असलेल्या वृक्षांत त्या वेळी ते सर्वांत वृद्ध होते. अब्राहाम ऊर नगर सोडून निघाला त्याच्या कितीतरी आधी, मोहेंजोदडोच्या विटा भाजल्या जाण्याच्याही आधी ते रुजले होते. कोणताही कायदा मोडला गेला नाही, कोणाची मालमत्ता बुडाली नाही, कोणाच्या पोटावर पाय आला नाही, उलट ज्ञानात भर पडली. तरीही ही हकीकत ऐकणारा कोणीही क्षणभर गप्प होतो. १९८६ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. काहीतरी अनुचित घडले असे आपल्याला वाटते, आणि कोणाचे काय नुकसान झाले हे मात्र बोटाने दाखविता येत नाही. या वाटण्याला काही आधार आहे, की तो केवळ मनाचा हळवेपणा?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९७ मधील आपल्या नीतिविषयक ग्रंथात या प्रश्नाला हात घातला आहे. त्याच्या मते आपले खरे कर्तव्य माणसांप्रतीच असते; परंतु सृष्टीतील सुंदर वस्तूंचा व्यर्थ नाश करणारा स्वतःच्या मनातील एक कोमल शक्ती बोथट करून घेतो आणि ती शक्ती नीतीला पोषक असते. म्हणून असा नाश करू नये. अर्थात आपण झाड राखतो ते स्वतःच्या शीलासाठी. या विचारात तथ्य आहे. झाडाची साल उगाच सोलणाऱ्या मुलाला आपण रागावतो ते झाडाइतकेच मुलासाठी. परंतु १९७३ साली वार्ना येथील जागतिक तत्त्वज्ञान परिषदेत रिचर्ड रूटली या तत्त्वज्ञाने एक कल्पना मांडली. समजा, पृथ्वीवर शेवटचा एकच माणूस उरला आहे. मरण्यापूर्वी तो हाती लागेल ती प्रत्येक सजीव वस्तू नष्ट करीत सुटतो. त्याच्या मागे कोणी माणूस उरणार नाही, तेव्हा कोणाचे नुकसान नाही. मग त्याने केले ते चूक की नाही? बहुतेक लोक म्हणतील, चूक. असे असेल तर वस्तूचे मोल माणसाच्या उपयोगाबाहेरही कुठेतरी आहे, हे आपण कबूल केले.

हे मोल कुठून येते याचे उत्तर ख्रिस्ती परंपरेत सापडते, असे आम्हांस वाटते. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात असा प्रश्न केला की सृष्टीत इतके नाना प्रकार कशासाठी? त्यांचे उत्तर असे की परमेश्वराचे चांगुलपण कोणत्याही एका निर्मितीत मावणार नाही. एकीत जे उणे पडते ते दुसरी भरून काढते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच विचार पुन्हा उचलून धरला. या दृष्टीने ऐन, हेद, कळंब, कुसुंब, बोंडारा ही केवळ इमारती वा जळाऊ लाकडाची नावे राहत नाहीत. प्रत्येकात असे काही आहे जे दुसऱ्याकडे नाही आणि आपल्याकडे तर नाहीच. स्तोत्रसंहितेतील एकशे चाराव्या स्तोत्रात लबानोनच्या गंधसरूंचा उल्लेख येतो आणि ते परमेश्वराने लावले असे म्हटले आहे. पुढे उंच पर्वत रानबकऱ्यांसाठी आहेत आणि खडक बिळांत राहणाऱ्या लहान प्राण्यांसाठी, असे येते. माणूस त्या स्तोत्रात आहे, पण तो सकाळी कामाला निघतो आणि संध्याकाळी परत येतो. सारे काही त्याच्याचसाठी मांडलेले आहे असे स्तोत्रकार म्हणत नाही. "कोणी लावलं?" या मुलीच्या प्रश्नाला आजीने जे उत्तर दिले ते या स्तोत्राचेच होते.

तरी एक गोष्ट विसरता कामा नये. शलमोनाचे मंदिर याच गंधसरूंच्या लाकडाने बांधले गेले. देवाने लावलेले झाड देवाच्याच घरासाठी तोडले गेले, आणि पुढे शतकानुशतके राजे व साम्राज्ये तेच करीत राहिली. आज लबानोनच्या बर्फाळ उंचीवर, ब्शार्रीजवळ, जुन्या गंधसरूंची एक छोटी राई तेवढी उरली आहे. ती मरोनाइट कॅथलिकांच्या देखरेखीखाली आली, १८७६ मध्ये तिच्याभोवती बकऱ्यांना अडविण्यासाठी भिंत बांधली गेली आणि १९९८ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. एखादी वस्तू पवित्र आहे असे म्हटल्याने ती वाचत नाही. तिच्याभोवती कोणीतरी भिंत बांधावी लागते.

येथे आम्ही अशा आक्षेपाकडे येतो ज्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रानाचे मोल उपयोगापलीकडे आहे असे म्हणणे सुट्टीत फिरावयास गेलेल्याला सोपे आहे. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उतार उतरणाऱ्या बाईला ते कसे ऐकू येईल? ठाणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात सरकारने राखीव वने आखली तेव्हा रयतेने गाऱ्हाणी मांडली. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्यास, म्हणजे राबासाठी, ऐनाच्या फांद्या लागत. त्या तोडणे गुन्हा ठरू लागले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. पुढे १९९५ साली पर्यावरणवाद्यांच्या याचिकेवरून राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, १९९७ साली ती हटविण्याचा आदेश झाला आणि हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. रान वाचावयास हवे होते हे खरे. पण रान वाचविण्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांतील बहुतेकांना या शहराने दुसरी जागा दिली नव्हती, हेही खरे. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य करणारा कायदा २००६ साली झाला.

ज्याला आपण अडाणी म्हणत आलो त्या माणसाने या बाबतीत आपल्याहून अधिक विचार केला असावा, असे कधी कधी वाटते. वारली हिरव्या देवाला मानतात. वाघबारशीला आदिवासी वाघोबाची पूजा करतात. येऊरच्या रानात आजही बिबट्या हिंडतो आणि पाडेही नांदतात. आमच्या फेरीत भेटलेल्या एका पाड्यावरील म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही त्या जुन्या झाडाबद्दल विचारले. ते आपल्या आज्याच्याही आधीपासून आहे, एवढेच त्यांनी सांगितले. ते झाड कोणाचे, या प्रश्नाचे मात्र त्यांना हसू आले. महाराष्ट्रातील देवरायांचा १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी अभ्यास केला. गावोगाव देवाच्या नावाने राखलेल्या या रायांत कित्येक पिढ्या कुऱ्हाड चालली नव्हती. त्यांना राखणारे लोक गरीब होते. सरपण त्यांनाही लागत होते. तेव्हा गरज आणि मर्यादा एका घरात नांदूच शकत नाहीत असे म्हणता येत नाही. आमचा निष्कर्ष इतकाच की रान पवित्र आहे असे जो म्हणेल, त्याने त्या पावित्र्याचा खर्च कोण सोसणार हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. तो खर्च नेहमी मोळीवालीच्याच माथी येत असेल आणि रस्ता, बंगला, हॉटेल यांच्या वाट्याला कधीच येत नसेल, तर त्या पावित्र्यात खोट आहे.

मग आपले आणि रानाचे नाते कोणत्या शब्दात सांगावे? मालकी हा शब्द चालत नाही, हे तीन उत्तरांच्या गोंधळावरून दिसलेच. एक जुना शब्द याच डोंगरात कोरलेला सापडतो. येऊरच्या पलीकडे, त्याच राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासपासून पुढे कित्येक शतके नांदता होता. तेथील शिलालेखांत दात्यांची नावे आहेत आणि त्यांत कल्याणचे रहिवासीही आहेत. बंदरात व्यापार करणाऱ्या त्या लोकांनी रानातील भिक्षूंसाठी लेणी, पाण्याची टाकी आणि कायमची देणगी दिली. या देणगीला 'अक्षयनीवी' म्हणत. मुद्दल कधी खर्चावयाचे नाही. त्याच्या व्याजातून वर्षोवर्षी भिक्षूंना वस्त्रादी मिळावे, अशी तिची अट असे.

अक्षयनीवी हा शब्द आम्हांस आपल्या प्रश्नाला नेमका लागू पडणारा वाटतो. ज्याच्या हाती अक्षयनीवी येते तो तिचा मालक नसतो. पण तो परकाही नसतो. त्याला व्याज वापरता येते. मोळी, मोह, मध, सावली, पाणी, मुलांची सहल हे सारे व्याज आहे. डोंगर पोखरणे, ओढा बुजविणे, शंभर वर्षांचे झाड पाडून त्याच्या बदल्यात वीतभर रोपांचा आकडा दाखविणे हे मुद्दलाला हात घालणे आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत करण्यासाठी आणि ती राखण्यासाठी, असे सांगितले आहे. मशागत करण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. राखणे हा शब्द वाचताना मात्र घाईने पुढे जातो.

राखणे हे लावण्याहून कठीण आहे. अंबरनाथ तालुक्यातील मांगरूळच्या टेकडीवर २०१७ च्या पावसाळ्यात हजारो हातांनी मिळून सुमारे एक लाख रोपे लावली. काम उत्साहाचे होते. पण पुढे त्या टेकडीला आगी लागत राहिल्या आणि कितीतरी रोपे करपली. एक लाख खड्डे एका दिवसात भरता येतात. त्यांतील एका रोपाला सावलीएवढे होण्यास वीस वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे कोणीतरी जागे राहावे लागते. न लावलेल्या रानाचे मोल येथे कळते. ते राखण्यास आपल्याला फारसे करावे लागत नाही. त्याचे बी राखी धनेश पसरवितो, आल्प्समध्ये पाइनचे बी नटक्रॅकर नावाचा पक्षी हिवाळ्यासाठी पुरून ठेवतो आणि जे तो विसरतो ते रुजते. आपण फक्त आड येऊ नये, एवढीच तेथे अपेक्षा असते. तीही आपल्याला जड जाते.

ठाण्याहून बोरीवलीला जाणाऱ्या जुळ्या बोगद्याची पायाभरणी जुलै २०२४ मध्ये झाली. सुमारे १२ किलोमीटरच्या या मार्गातील बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यानाच्या पोटाखालून जातो. घोडबंदर रस्त्यावर रोज दोन-दोन तास अडकणाऱ्या माणसाला हा बोगदा हवासा वाटतो, आणि त्या माणसांत आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे आहेत. डोंगराखालचे पाणी कुठे वळेल, तोंडापाशी किती झाडे जातील, ही चिंताही खरी आहे. या लेखातून आम्ही त्याचा निकाल देऊ इच्छीत नाही. पण अक्षयनीवीचा विश्वस्त एक गोष्ट नक्की करील: हिशेब लपविणार नाही. काय मिळाले ते जसे मोठ्या अक्षरांत लिहितो, तसे मुद्दलातून काय गेले तेही लिहील, आणि जे गेले त्याला नाव असेल. "अमुक इतकी झाडे" असे म्हणणे सोपे असते. हे ऐन, हा कुसुंब, हे कळंब असे म्हणावे लागले तर हात थोडा थबकतो.

वसईचे हरित आंदोलन आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बागायत व पाणी वाचविण्यासाठी लोकांना रस्त्यावर आणले. ती बहुतांशी लावलेल्या झाडांची लढाई होती. वाडवडिलांनी वाढविलेल्या वाड्यांची. त्या लढाईत माणसाला आपले म्हणावयास काहीतरी होते. येऊर, मलंगगड आणि माहुलीच्या रानांना असा धनी नाही. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्याला आपल्या आजोबांची आठवण सांगता येत नाही. त्याला केवळ एवढेच म्हणता येते की हे माझे नाही, आणि म्हणूनच मी ते बुडविणार नाही. नीतीच्या दृष्टीने ही पायरी अधिक उंच आहे. आपल्या वस्तूची राखण पशूही करतो. जे आपले नाही ते राखणे ही माणसाकडून अपेक्षा आहे.

ज्याने लावले त्याला परतफेड करता येते: त्याचे आभार मानता येतात, त्याला मोल देता येते, आज्ञापत्र सांगते तसे त्याला राजी करता येते. न लावलेल्या झाडाच्या बाबतीत परतफेड मागे वळून करताच येत नाही. ती पुढेच करावी लागते, जे अजून जन्मले नाहीत त्यांच्याकडे. कारवीची पिढी पुढच्या पिढीला कधी भेटत नाही. ती बी सोडून जाते. आपल्या मुलांना आपण घर देतो, शिक्षण देतो, श्रद्धा देतो. त्यांत एक रान जसेच्या तसे देता आले, तर त्यासाठी कोणी आपले नाव काढणार नाही, कारण ते आपण लावलेले नसेल. असे निनावी देणे ज्याला जमले, त्याने न लावलेल्या झाडाचे ऋण फेडले असे म्हणण्यास हरकत नाही.